छडी न उचलता शिस्त लावणारा गुरू : संत जॉन बॉस्को



३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. आपल्या येरवड्याला हे नाव नवीन नाही. डॉन बॉस्को शाळा आपल्याच भागात आहे. लहान मुले कधी कधी विचारतात, की संताला डॉन का म्हणायचे? सिनेमातल्या डॉनशी ह्या शब्दाचा काही संबंध नाही. आपण जसे फादर म्हणतो, तसे इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात.

डॉन बॉस्को म्हणजे मुलांवर प्रेम करणारे संत, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण प्रेम करणे वेगळे आणि शेकडो मुलांची शाळा शिस्तीत चालवणे वेगळे, हे कोणताही मुख्याध्यापक सांगेल. एक शिक्षक चालवून घेतो, दुसरा त्याच गोष्टीला हात उगारतो. हुशार मुलाला ताकीद मिळते, तर मागच्या बाकावरच्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले जाते. सोमवारी हसण्यावारी नेलेली खोडी शुक्रवारी गुन्हा ठरते. मग मुलांना नियम कळत नाही, फक्त मोठ्यांचा मूड कळतो. ह्या प्रश्नाशी डॉन बॉस्को चाळीस वर्षांहून अधिक काळ झगडले. त्यांचे जीवन ह्या दृष्टीने पाहिले तर शाळेला, धर्मशिक्षणाच्या वर्गाला आणि आपल्या घरालाही पुष्कळ शिकता येते.

आईची शाळा

जॉन ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील तुरीन शहराजवळ बेक्की नावाच्या वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते, तोच १८१७ साली त्यांचे वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. घरात आजारी आजी, सावत्र भाऊ अँटनी, सख्खा भाऊ जोसेफ आणि लहानगा जॉन. सगळा भार आई मार्गारेट हिच्यावर पडला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण मुले कशी वाढवावीत हे तिला चांगले कळत होते.

घराच्या कोपऱ्यात तिने एक छडी ठेवली होती. ती छडी सर्वांना दिसायची. पण तिने ती कधी कोणाच्या पाठीवर उगारली नाही. एकदा जॉनच्या हातून तेलाचे भांडे फुटले, अशी एक गोष्ट सांगितली जाते. आई बाजाराहून यायच्या आत त्याने स्वतःच एक फोक तोडला, सुरीने त्यावर नक्षी कोरली आणि वाटेवर जाऊन तो आईच्या हातात दिला. काय घडले तेही खरे सांगितले. आईला हसू आले. मुलाने चूक लपवली नव्हती. मग मारायचे कशासाठी?

जॉन मात्र स्वभावाने तापट होता. नऊ वर्षांचा असताना त्याला एक स्वप्न पडले. पुष्कळ मुले खेळत आहेत, काही शिव्या देत आहेत आणि जॉन त्यांच्यात घुसून त्यांना गुद्दे मारत आहे. तेव्हा एक तेजस्वी पुरुष त्याला थांबवतो आणि सांगतो, की ह्या मुलांना मारून नव्हे, तर सौम्यतेने आणि प्रेमाने आपलेसे कर. हे स्वप्न त्यांना आयुष्यभर आठवत राहिले. ते सत्यात उतरायला मात्र पुष्कळ वर्षे गेली.

दुरून दिसणारे गुरू

शिकण्याची ओढ असली तरी शिक्षणाची वाट सोपी नव्हती. शेतकऱ्याच्या पोराला पुस्तके कशाला, असे अँटनीचे मत होते. घरातली भांडणे टळावीत म्हणून १८२८ साली आईने बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. तिथे त्याने सुमारे पावणेदोन वर्षे काढली. पुढे फादर कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला शिकवायला घेतले. पण वर्षभरातच ते वारले. १८३१ साली जॉन किएरी गावातील शाळेत दाखल झाला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्याने शिंप्याकडे काम केले, कॉफीच्या दुकानातही राबला.

किएरीत लुईजी कोमोल्लो हा त्याचा शांत स्वभावाचा मित्र होता. एकदा दांडगट मुले त्याला मारू लागली. जॉनचा संताप अनावर झाला. हाताशी काठी नव्हती, म्हणून त्याने एका मुलालाच खांद्याला धरून उचलले आणि त्याच्याकडून काठीचे काम घेऊन बाकीच्यांना झोडपले! कोमोल्लोने त्याला समजावले, की देवाने दिलेली ताकद दुसऱ्याला इजा करण्यासाठी नाही. डॉन बॉस्को ह्यांनी ही हकीकत पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. राग म्हणजे काय, हे त्यांना स्वतःवरून माहीत होते.

१८३५ साली ते सेमिनरीत गेले. तिथले वरिष्ठ चांगले होते. पण त्यांची भेट व्हायची ती सुट्टीवरून आल्यावर आणि सुट्टीला निघताना. एरवी त्यांनी बोलावले तर ते रागावण्यासाठीच, अशी मुलांची समजूत होती. एखादे वरिष्ठ समोरून येताना दिसले, की मुले पळ काढत. जॉनला ह्याचे फार वाईट वाटे. आपण धर्मगुरू झालो तर मुलांपासून असे दूर राहायचे नाही, असे त्यांच्या मनात पक्के होत गेले.

तुरुंगातील मुले

५ जून १८४१ रोजी त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. पुढील अभ्यासासाठी ते तुरीनला आले. त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ काफासो (तेही पुढे संत झाले) त्यांना शहरातील तुरुंगांत घेऊन गेले. तिथे बारा ते अठरा वर्षांची धट्टीकट्टी मुले कोंडलेली पाहून डॉन बॉस्को हादरले. त्याहून अधिक दुःख त्यांना पुढे झाले. सुटका झालेली मुले काही दिवसांनी पुन्हा त्याच कोठडीत दिसू लागली. कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते.

येरवड्यात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कारागृहाच्या उंच भिंती आपण रोज पाहतो. अल्पवयीन मुलांचे निरीक्षणगृहही आपल्याच परिसरात आहे. एखाद्या शाळेचे फाटक एका मुलासाठी बंद होते, तेव्हा त्याच्यासाठी दुसरे कोणते फाटक उघडू शकते, हे डॉन बॉस्को ह्यांनी तुरीनच्या तुरुंगात पाहिले होते. म्हणूनच पुढे कोणत्याही मुलाला घालवून देण्याआधी ते पुष्कळ विचार करीत.

एका चुकीच्या माराने झालेली सुरुवात

८ डिसेंबर १८४१. निष्कलंक मरीयामातेचा सण. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्सासाठी झगा घालत होते. एक सोळा वर्षांचा मुलगा सॅक्रिस्टीत येऊन उभा राहिला. मिस्साची सेवा कर, असे सॅक्रिस्टनने त्याला सांगितले. मला येत नाही, असे मुलगा म्हणताच सॅक्रिस्टनचा पारा चढला आणि त्याने मुलाला मारून बाहेर पिटाळले. डॉन बॉस्को ह्यांनी त्या मुलाला परत बोलावून घेतले.

त्याचे नाव बार्थोलोम्यू गारेली. आईबाप वारलेले, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, लिहिता-वाचता न येणारा. गाता येते का, ह्यालाही त्याने नाही म्हटले. शेवटी डॉन बॉस्को ह्यांनी विचारले, शिट्टी तरी वाजवता येते का? तेव्हा तो मुलगा हसला. मिस्सा संपल्यावर क्रुसाची खूण करण्यापासून त्याचे धर्मशिक्षण सुरू झाले. पुढच्या रविवारी तो एकटा आला नाही, सोबत मित्रांना घेऊन आला.

रविवारच्या ह्या मेळाव्याला ऑरेटरी असे नाव पडले. प्रार्थना, धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि भरपूर खेळ! मुलांचा गोंगाट कोणालाच नको असे. एका जागेवरून दुसऱ्या जागी त्यांना हाकलले जाई. एवढी उनाड पोरे जमतात म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनाही संशय येई. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्डोक्को भागातील पिनार्दी ह्यांच्या शेडमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारात पोहोचले. मुलांनी रात्रंदिवस प्रार्थना केल्या, आणि ते बरे झाले.

चोरीला गेलेली पांघरुणे

नोव्हेंबर १८४६ मध्ये आई मार्गारेट आपले खेड्यातले घर सोडून मुलाच्या मदतीला वाल्डोक्कोला आली. बेघर मुलांना रात्री आसरा द्यायचे दोघांनी ठरवले. पहिला अनुभव कडू होता. ज्यांना झोपायला जागा दिली, ती मुले पहाटे पांघरुणे घेऊन पसार झाली! दुसरा कोणी असता तर त्याने दाराला कुलूप लावले असते.

१८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला. आईने त्याला जेवू घातले, स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण घातले आणि झोपण्यापूर्वी काम, प्रामाणिकपणा आणि प्रार्थना ह्यांविषयी चार शब्द सांगितले. ह्या वेळी पांघरूण जागेवर राहिले. त्या चार शब्दांमधूनच सलेशियन घरांतील शुभरात्रीची प्रथा जन्मली. रोज रात्री प्रार्थनेनंतर प्रमुखाने सर्व मुलांशी दोन-तीन मिनिटे बोलायचे. दिवसभरात काय चांगले घडले, कुठे चुकले, उद्या काय करायचे हे सांगायचे. कोणाचे नाव घेऊन पाणउतारा करायचा नाही. प्रमुखाचा आवाज मुलांना रोज ऐकू येई. सेमिनरीतल्यासारखा तो फक्त चूक झाल्यावर ऐकू येत नसे.

संयम आईलाही सोपा नव्हता. एकदा लुटुपुटीच्या लढाईत मुलांनी तिने जिवापाड जपलेली भाजीची बाग तुडवून टाकली. वैतागून तिने बेक्कीला परत जाण्याची परवानगी मागितली. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. आईचे डोळे भरून आले आणि ती राहिली. १८५६ साली मरेपर्यंत ती त्या मुलांची आई होऊन राहिली.

नियम लेखी, हात आवरलेला

मुले कामावर जात तिथेही डॉन बॉस्को त्यांची पाठराखण करीत. त्या काळी उमेदवारी करणाऱ्या पोराला मालकाने बडवणे ह्यात कोणालाच वावगे वाटत नसे. डॉन बॉस्को मालकांशी लेखी करार करू लागले. १८५२ च्या एका करारात सुताराने कबूल केले आहे, की मुलाची चूक शब्दांनी सुधारायची, मारायचे नाही. सणावारी आणि रविवारी सुट्टी द्यायची. मुलानेही मन लावून काम करायचे कबूल केले आहे. करार दोन्ही बाजूंना बांधणारा होता. मुलाने कसे वागायचे हे ठरले, तसे मोठ्याने कसे वागायचे हेही ठरले. शाळेच्या नियमांच्या वहीत हे दुसरे पान बहुतेक वेळा कोरेच असते.

१८६० च्या दशकात वाल्डोक्कोत सुमारे ८०० मुले राहू लागली. निम्मी शिकणारी, निम्मी कारागिरीची. इतक्या मुलांवर एकट्याने नजर ठेवणे अशक्य. डॉन बॉस्को ह्यांनी आपल्याच मुलांतून साथीदार घडवले. १८ डिसेंबर १८५९ रोजी त्यांच्यासह १८ जणांनी संत फ्रान्सिस द सालेस ह्यांच्या नावाने संघ सुरू केला. तोच आजचा सलेशियन संघ. त्यांतील बहुतेक जण तरुण होते आणि डॉन बॉस्को ह्यांच्या हाताखालीच वाढले होते. अंगणात, भोजनगृहात, वर्गात मोठी माणसे मुलांमध्ये असत. पहारेकरी म्हणून उभी राहण्यासाठी नव्हे, तर खेळायला, बोलायला आणि भांडण पेटण्यापूर्वीच विझवायला. सर्वांना एकच रीत ठाऊक होती, कारण सर्व जण त्याच रीतीत वाढले होते.

१८६३ साली तुरीनबाहेर मिराबेल्लो येथे पहिली शाळा निघाली. तिचे प्रमुख म्हणून अवघ्या २६ वर्षांच्या फादर मायकल रुआ ह्यांना पाठवले. डॉन बॉस्को ह्यांनी त्यांना सूचनांचे पत्र लिहून दिले. मुलांना आपली भीती वाटण्यापेक्षा आपल्याबद्दल प्रेम वाटावे असे वागावे. मधल्या सुट्टीत मुलांमध्ये मिसळावे. शिक्षकांशी वरचेवर बोलून त्यांच्या गरजा जाणून घ्याव्यात, अशा त्या सूचना आहेत. रात्री किमान सहा तास झोप घ्यावी, असेही त्यांत आहे! थकलेला, चिडलेला प्रमुख न्यायाने वागू शकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दोन मुले, दोन स्वभाव

नियम सर्वांना एक असला, तरी प्रत्येक मुलाला हाताळण्याची तऱ्हा एक नसते. डॉमनिक सावियो आणि मायकल मागोने ह्या दोघांची चरित्रे डॉन बॉस्को ह्यांनी स्वतः लिहिली.

डॉमनिक वाल्डोक्कोला येण्यापूर्वी गावच्या शाळेत होता. एकदा इतर मुलांनी वर्गातील शेगडीत बर्फ आणि दगड भरले आणि आळ डॉमनिकवर घातला. शिक्षकांनी सर्वांसमोर त्याला कडक शब्दांत सुनावले. तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी खरे काय ते उघड झाले. शिक्षकांनी विचारले, तेव्हा तू बोलला का नाहीस? ज्यांनी खोडी केली त्यांना आधीच्या चुका पाहता शाळेतून काढले असते, मला मात्र पहिल्या चुकीची माफी मिळाली असती, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आणि खोटा आळ सोसणारा प्रभू येशू आपल्या मनात होता, असेही सांगितले. त्या मुलाचे पुण्य मोठेच! पण आपण मोठ्यांनी दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी. चौकशी न करता घाईने दिलेली शिक्षा निष्पाप मुलावर पडली होती. ऑक्टोबर १८५४ मध्ये डॉमनिक वाल्डोक्कोत आला आणि १८५७ साली, पंधरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच वारला. आज तो संत आहे.

मायकल मागोनेची तऱ्हा वेगळी. १८५७ च्या शरद ऋतूत कार्मान्योला रेल्वे स्थानकावर डॉन बॉस्को गाडीची वाट पाहत होते. तिथे दंगा करणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या. वडील नाहीत, शाळेतून काढून टाकलेला. वाल्डोक्कोत आल्यावरही त्याच्या तोंडात शिवी यायची, हात उगारला जायचा. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला नियमातून सूट दिली नाही, आणि दर चुकीला शिक्षाही केली नाही. त्याच्याबरोबर एका समंजस मुलाला जोडून दिले. मायकल चुकला, की तो मित्र हळूच सावध करायचा. रागीट मायकल त्याचे आभार मानायला शिकला. पुढे दुसऱ्यांची भांडणे मिटवणारा म्हणून तो ओळखला जाऊ लागला. जानेवारी १८५९ मध्ये, तेराव्या वर्षी, तो शांतपणे देवाघरी गेला.

म्हणजे डॉन बॉस्को सगळेच खपवून घेत होते का? नाही. चोरी, देवनिंदा आणि इतर मुलांना वाईट मार्गाला लावणारे वर्तन ह्यांबाबत ते ठाम होते. समजावूनही न सुधारणाऱ्या काही मुलांना त्यांनी घरी पाठवलेही. कारण शिस्त ही दुबळ्या मुलांचे संरक्षणही असते. दांडगाई करणाऱ्याला मोकळे सोडले, तर त्याची किंमत गप्प बसणारे मूल मोजते.

शिक्षा होण्याआधी

१८७७ साली डॉन बॉस्को ह्यांनी आपली पद्धत एका छोट्या लेखात मांडली. मुले सांभाळण्याच्या दोन रीती त्यांनी सांगितल्या. पहिली म्हणजे नियम सांगायचा, दुरून लक्ष ठेवायचे आणि मोडला की शिक्षा करायची. दुसरी म्हणजे नियम सांगायचा आणि मुलासोबत असे राहायचे, की तो मोडण्याची वेळच सहसा येऊ नये. पहिली रीत सोपी, मोठ्यांना कमी कष्टाची. दुसरी मुलांना सोपी, मोठ्यांना कष्टाची. त्यांनी दुसरी निवडली. तर्कशुद्ध समज, धर्म आणि माया हे तिचे तीन आधार. नियम का आहे हे मुलाला पटले पाहिजे, देव आपल्याला पाहतो ही जाणीव त्याला हवी, आणि सांगणाऱ्याचे आपल्यावर प्रेम आहे हे त्याला कळले पाहिजे.

शिक्षेबद्दल त्यांनी थोडक्या पण कामाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. नियम आधी सर्वांना माहीत असावेत, म्हणजे माहीत नव्हते अशी सबब कोणालाच राहणार नाही. कानउघाडणी शक्यतो एकट्याने, सर्वांदेखत नाही. मारणे, कान ओढणे, त्रासदायक स्थितीत गुडघ्यावर बसवणे पूर्णपणे वर्ज्य. ज्या मुलाला आपली माया ठाऊक आहे, त्याला आपण नेहमीसारखे हसलो नाही एवढीही शिक्षा पुरते. पण हे कधी? आधी रोज हसलो असू तर!

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. डॉन बॉस्को ह्यांनी तेच १३० हून अधिक वर्षे आधी आपल्या घरांना सांगितले होते. पण छडी काढून घेतल्यावर तिच्या जागी काय ठेवायचे, हे कायदा सांगत नाही. ते डॉन बॉस्को सांगतात. छडीच्या जागी मोठ्या माणसाने स्वतः उभे राहायचे.

घडी विस्कटते तेव्हा

चांगली पद्धत एकदा बसवली की आपोआप चालते, असे आपल्याला वाटते. डॉन बॉस्को ह्यांचा अनुभव वेगळा होता. मे १८८४ मध्ये ते रोममध्ये होते, वय ६८, शरीर थकलेले. तिथून त्यांनी वाल्डोक्कोला एक व्यथित पत्र पाठवले. त्यात एका स्वप्नाचे वर्णन आहे. आधी त्यांना जुने अंगण दिसते. मुले धावत आहेत, गात आहेत आणि धर्मगुरू त्यांच्या मध्ये आहेत. मग आताचे अंगण दिसते. मुले भिंतीला टेकून कंटाळलेली, काही कोपऱ्यात कुजबुजणारी. आणि मोठी माणसे आपापसात बोलत फेऱ्या मारणारी. नियम तेच होते, प्रार्थना त्याच होत्या, इमारती तर अधिक चांगल्या झाल्या होत्या. फक्त मोठी माणसे मुलांमधून उठून गेली होती. मग विश्वास गेला, आणि विश्वासाची जागा शिक्षेने आणि संशयाने घेतली.

स्वतःच्या घरातील ही उणीव त्यांनी झाकली नाही. मुले बिघडली, असे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी मोठ्यांना पुन्हा अंगणात बोलावले. शाळेच्या प्रमुखाला ह्याहून मोठा धडा नाही. शिस्त ढिली झाली की आपण नवीन नियम करतो, दंड वाढवतो, कॅमेरे लावतो. डॉन बॉस्को आधी विचारतात, मधल्या सुट्टीत आपण कुठे होतो?

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को ह्यांनी देह ठेवला. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले. १९०६ साली सलेशियन भारतात तंजावरला आले आणि पुढे त्यांचे कार्य महाराष्ट्रात आणि आपल्या पुण्यातही रुजले.

आपल्यासाठी

आपल्या चर्चमधील अनेक जण कोणत्या ना कोणत्या शाळेत शिकवतात, काही रविवारी धर्मशिक्षण देतात, आणि बाकी आपण सारे आईबाप, आजी-आजोबा, काका-मामा आहोतच. एकच नियम पपांनी हसून मोडू द्यायचा आणि मम्मीने त्यावरून रागवायचे, असे घरोघरी चालते. शाळेने मोबाइलला बंदी करायची आणि आपण तो गुपचूप दप्तरात ठेवायचा, असेही होते. मुलगा घरी तक्रार घेऊन आला, की त्याच्यासमोरच आपण शिक्षकांना नावे ठेवतो. मग मुलाने कोणाचे ऐकायचे?

डॉन बॉस्को ह्यांच्या सणानिमित्त प्रत्येकाने एक गोष्ट करून पाहावी. नियम थोडे ठेवावेत, पण घरातील सर्व मोठ्यांनी मिळून ठरवावेत. शाळेने शिक्षकांसह आणि पालकांसह ठरवावेत. ठरलेला नियम मुख्याध्यापकांच्या मुलालाही लागू असावा आणि शिपायाच्या मुलालाही. रागाच्या भरात शिक्षा देऊ नये. राग ओसरल्यावर मुलाला जवळ बसवून त्याची बाजू ऐकावी. शिक्षा झाल्यावर त्या मुलाशी पहिला शब्द आपण बोलावा. आणि ज्या मुलाचे नाव सगळ्या शिक्षकांच्या तोंडी तक्रारीतच असते, त्याला आज एकदा तरी कामाशिवाय हाक मारावी. गारेलीला अशी एक हाक मिळाली नसती, तर ऑरेटरी सुरू झाली असती का?

ह्या रविवारी आपण आपल्या सर्व शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी प्रार्थना करू या. शाळा सुटलेल्या मुलांसाठी आणि आपल्या शेजारी भिंतींआड दिवस काढणाऱ्या मुलांसाठीही करू या. मुलांना जवळ बोलावणारा प्रभू येशू आपल्याला संयम देवो, आणि आपण सारे त्यांच्यासोबत अंगणात उभे राहू या.

हे संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी आणि आम्हा मोठ्यांसाठी विनंती कर.